मुखत्यार : शब्द आणि अधिकार

जुन्या मराठी दप्तरांत दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्यास वकील, गुमास्ता, मुतालिक, मुखत्यार अशी निरनिराळी नावे आढळतात. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपविले तो. गुमास्ता म्हणजे नेमलेला. मुखत्यार हा शब्द मात्र विशेष विचारार्ह होय. अरबीत 'मुख्तार' या एकाच रूपाचे 'निवडलेला' आणि 'निवडण्यास मोकळा' असे दोन्ही अर्थ होतात. मराठीतील 'अखत्यार' त्याच धातूपासून आला आहे. निवडलेल्यानेच धनी होऊन बसावे, हा धोका जणू शब्दातच वसत आहे.

निष्ठेचे उदाहरण साताऱ्याचे आहे. छत्रपती प्रतापसिंहांना १८३९ साली पदच्युत केल्यावर त्यांचे वकील रंगो बापूजी यांनी लंडनमध्ये त्यांची बाजू मांडली. १८४७ साली धनी काशीस निवर्तले, तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत तेथेच गाऱ्हाणे मांडीत राहिले. पुढे १८७२ च्या करार कायद्याने मात्र धन्याचा मृत्यू किंवा बुद्धिभ्रंश होताच मुखत्यारी सामान्यतः संपते, असा दंडक घातला. १८८२ साली मुखत्यारपत्रांचा स्वतंत्र कायदा झाला. आणि केवळ मुखत्यारपत्राने जमिनीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. शब्दातील दुसरा अर्थ कायद्याने असा क्रमाक्रमाने आवळीत आणला.

या आवळण्याचे महत्त्व आलापल्लीसारख्या गावी कळते. हे गाव पूर्वीच्या अहेरी जमीनदारीच्या मुलखातील. आधी चांदा जिल्ह्यात, १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात. घरी गोंडी, माडिया किंवा तेलुगू बोलली जाते. दस्त मात्र मराठीत लिहिला जातो. ज्या भाषेत अंगठा उठतो ती अंगठा देणाऱ्याची नसेल, तर 'निवड' कोणाची, हा प्रश्न उरतोच. १९७४ साली जमीन महसूल संहितेत घातलेल्या कलम ३६-अ अन्वये आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासींकडे जाऊ शकत नाही. जो अधिकार धन्यालाच नाही तो मुखत्याराला देता येत नाही. म्हणून ही आडवाटही बंद होते.

तात्पर्य, मुखत्यार नेमताना माणसाची पारख जितकी आवश्यक, तितकेच दस्तातील प्रत्येक अधिकार आपल्या भाषेत समजून घेणेही आवश्यक. न समजता केलेली निवड ही निवड नव्हेच. ती केवळ सही होय.