दिनविशेष – २४ मार्च : क्षयाचा जंतू सापडला तो दिवस

१८८२ : क्षयरोगाचा जंतू सापडल्याची घोषणा जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये केली. म्हणून आज जागतिक क्षयरोग दिन. जंतू कळला, पण औषध यायला आणखी सहा दशके लागली; १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. तोवर राजयक्ष्मा, म्हणजेच क्षय, ही मरणाची चिठ्ठीच. मुख्य उपाय तीन : मोकळी हवा, सकस अन्न, विश्रांती.

सातारा-सांगलीने हा काळ जवळून पाहिला. सुमारे ४,३०० फूट उंचीवरच्या पाचगणीत डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल-एअर’ आरोग्यधाम उभारले. मिरजेत १८९४ पासून रुग्णालय चालवणारे डॉ. विल्यम वॉनलेस यांचे नाव क्षयरुग्णांच्या वॉनलेसवाडीने जपले आहे.

अशाच आरोग्यधामातले जगणे ‘ट्रायो’ (१९५०) या ब्रिटिश चित्रपटातील ‘सॅनेटोरियम’ कथेत दिसते. लग्नाने आयुष्य घटेल, हे डॉक्टरांकडून कळूनही त्यातला रुग्ण लग्न करतो. मूळ कथाकार सॉमरसेट मॉम यांनी स्वतः स्कॉटलंडमध्ये क्षयावर उपचार घेतले होते. आज पूर्ण मुदत औषधे घेतली, तर क्षय बहुधा बरा होतो.