सस्तन पेशींतील परकीय डीएनएचे समावेशन : एक ऐतिहासिक आढावा

एसव्ही-४० या विषाणूचा डीएनए सस्तन प्राण्यांच्या पेशीतील गुणसूत्रांत कायमचा सामावतो, हे रेनाटो डल्बेको व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखविले. मात्र जोडणीची जागा संशोधकाच्या हाती नव्हती. १९८५ मध्ये ऑलिव्हर स्मिथीज व सहकाऱ्यांनी समजातीय पुनःसंयोजनाद्वारे मानवी पेशीतील बीटा-ग्लोबिन जनुकाच्या नेमक्या जागी डीएनए बसविला. परंतु ही घटना अत्यंत विरळ होती. त्यामुळे पॅरिस येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या जनुकोपचारात रेट्रोविषाणूंचाच आधार घेण्यात आला. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बहुतेक बालकांना त्याचा लाभ झाला. तथापि एलएमओ-२ जनुकाजवळील जोडणीमुळे २००२ पासून काहींना रक्ताचा कर्करोग झाला. समावेशनाइतकेच त्याचे स्थानही निर्णायक असते, हे यावरून स्पष्ट होते.