सुरतेचा तट आणि संगणकाचा पहारा

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात दोन तारखा उभ्या राहतात. एक जानेवारी १६६४ ची आणि दुसरी ऑक्टोबर १६७० ची. शिवाजी महाराजांच्या या दोन स्वाऱ्यांची हकीकत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे, आणि ती पुन्हा सांगण्याचा आज हेतू नाही. तापीकाठच्या त्या संपन्न शहराने आपला पहारा कसा ठेवला होता, एवढीच बाजू मला श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे. कारण घरोघरच्या संगणकांवर आज जो पहारा बसविलेला असतो, त्याची अवस्था पाहताना मला त्या सुरतेची वारंवार आठवण होते.

१६६४ साली सुरतेचा अधिकारी होता इनायतखान. सरकारी खजिन्यातून तो ५०० शिपायांचा पगार उचलीत असे. शिपाई मात्र जागेवर नव्हते. शहराभोवती तट म्हणावा असा तटही नव्हता, होती ती मातीची भिंत. महाराज वेशीपाशी येताच खानसाहेब किल्ल्यात जाऊन बसले, आणि वीरजी व्होरासारख्या गर्भश्रीमंत सावकारांच्या हवेल्या उघड्या पडल्या. इंग्रज व डच यांच्या वखारी तेवढ्या बचावल्या, कारण त्यांनी खानाच्या पहाऱ्यावर भिस्त न ठेवता स्वतःची माणसे दारात उभी केली होती.

पुढे औरंगजेबाच्या हुकमाने शहराभोवती विटांचा तट उठला. सुरतकरांना हायसे वाटले असणार. परंतु १६७० च्या ३ ऑक्टोबरला मराठे पुन्हा आले, तेव्हा त्या तटावर अवघी ३०० च्या आसपास माणसे होती. हजारोंच्या फौजेपुढे थोडाबहुत प्रतिकार करून तीही किल्ल्याकडे पळाली. तट होता, पहारा नव्हता.

येथे एक खुलासा केला पाहिजे. महाराजांची स्वारी ही स्वराज्याच्या कार्यासाठी, शत्रूच्या खजिन्यावर उघड उघड केलेली स्वारी होती. आजच्या संगणकचोरांशी तिचे नाव जोडण्याचे पातक मी करणार नाही. मी बोलतो आहे ते इनायतखानाविषयी, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एकेक इनायतखान नांदतो आहे.

संगणकाचा ‘विषाणू’ हा शब्द मोठा फसवा आहे. तो हवेतून येत नाही की आपोआप जन्मत नाही. कोणीतरी माणूस बसून तो लिहितो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा असाच एक कार्यक्रम लिहिला. आपल्या प्रणालीच्या चोरट्या नकला काढणाऱ्यांना अद्दल घडावी, असा हेतू त्यांनी सांगितला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घालून ठेवला होता! फ्लॉपीच्या तबकड्यांवरून तो लाहोराबाहेर पडला आणि समुद्रापार गेला. पुढे १९९२ च्या ६ मार्चला ‘मायकेलँजेलो’ जागा होणार, या वार्तेने साऱ्या जगाची झोप उडाली.

लाहोरात दोन भाऊ, तसे पुण्यातही दोन भाऊ. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर गणनयंत्रे दुरुस्त करण्याच्या कामाला लागले आणि १९९० मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. पुढे गणनयंत्रांच्या जोडीला संगणक आले. यंत्राचा सुटा भाग बदलून दिला की काम संपते, हा कारागिराचा नेहमीचा अनुभव. विषाणू लागलेला संगणक मात्र नीट करून दिला तरी पुन्हा दुकानात येई. धाकटे बंधू संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका विषाणूवर उतारा लिहिण्यास प्रारंभ केला, आणि त्या सुट्या उताऱ्यांतून १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस सिद्ध झाला. २०१६ च्या फेब्रुवारीत या कंपनीचे भाग शेअरबाजारात नोंदले गेले. ही यशाची कथा सर्वत्र सांगितली जाते. मला तिच्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच: ज्या धंद्याचा उगम ‘केलेली दुरुस्ती टिकत नाही’ या अनुभवात आहे, त्याचा माल एकदा घेऊन ठेवून कसा चालेल?

अँटिव्हायरस हा नाक्यावरच्या शिपायासारखा असतो. त्याच्या हाती ओळखीच्या चोरांच्या खुणांची यादी दिलेली असते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक फाईलचा चेहरा तो त्या यादीशी ताडून पाहतो. आताचे शिपाई संशयास्पद चालचलणूकही हेरतात, हे खरे; तथापि यादीवाचून त्यांचेही भागत नाही. पूर्वी ही नवी यादी फ्लॉपीवरून येई, आज ती इंटरनेटवरून दिवसातून अनेक वेळा येते. ती येणे थांबले तरी शिपाई उभाच दिसतो. पडद्याच्या कोपऱ्यातील ढालीचे चित्र जागच्या जागी असते, आणि मुदत संपलेला पहारेकरी कालच्या चोरांची वाट पाहत असतो.

हे किती महागात पडते ते १९९९ च्या २६ एप्रिलला दिसले. तैवानातील एका विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ नावाचा विषाणू त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख हीच, म्हणून लोकांनी त्यालाही ‘चेर्नोबिल’ म्हटले. चकतीवरील माहिती तर त्याने पुसलीच. पण कित्येक यंत्रांत संगणक सुरू करणाऱ्या चिपवरचा मजकूरही नासविला, त्यामुळे ती यंत्रे उघडेनाशी झाली. दक्षिण कोरियात अशा यंत्रांची संख्या लाखांवर गेली, आणि आपल्या देशालाही झळ लागली. यातली दुःखाची गोष्ट अशी की, हा विषाणू १९९८ च्या मध्यासच ओळखला गेला होता. ताज्या याद्यांत त्याचे नाव होते. जवळजवळ दहा महिने ते तेथे होते.

२०१७ साली तीच कथा पुन्हा घडली. विंडोजमधील एक भगदाड बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला प्रसिद्ध केली होती. १२ मे रोजी त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ शिरला, माहितीला कुलूप घालून खंडणी मागू लागला, आणि इंग्लंडातील इस्पितळांना रोगी परत पाठवावे लागले. त्यानंतर दीड महिन्याने, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, तेव्हा आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. पश्चिम किनाऱ्याचा जो व्यापार एके काळी सुरतेहून चाले, तो आज ज्या बंदरातून चालतो तेथेच हा घाला पडावा, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला खटकल्यावाचून राहत नाही. नॉटपेट्याने एक कटू धडाही दिला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालीच्या अद्ययावत आवृत्तीतूनच तो प्रथम पसरला होता. शिवाय चोरलेले परवलीचे शब्द वापरून तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरू शकत असे. ताजी यादी पुरेशी असते असे म्हणणारा म्हणूनच अर्धेच सांगतो. मोलाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून तोडून, वेगळ्या चकतीवर ठेवणे अटळ आहे.

आता घरच्या यंत्राविषयी थोडे. २०१२ च्या विंडोज ८ पासून विंडोजमध्ये स्वतःचा पहारेकरी आलेला आहे. दुसरा बसविला की तो बहुधा आपण होऊन बाजूस होतो. त्यावर तिसरा बसवू नये. सुरतेत किल्लेदार निराळा आणि शहराचा अधिकारी निराळा असे, त्याचे फळ आपण पाहिलेच. पहारेकरी खरोखर जागा आहे की नाही हे पाहण्याचीही सोय आहे. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेच्या नावाने प्रसिद्ध असलेली, अवघ्या ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाईल याच कामासाठी केलेली आहे. ती उतरविताच आरडाओरड झाली पाहिजे. न झाल्यास शिपाई पगारापुरताच आहे असे समजावे. यादीची तारीख पाहण्यास तर एक मिनिटही लागत नाही.

एक तारीख मात्र अनेकांच्या नजरेतून निसटली आहे. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून नेमाने मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. वाढीव मुदतीसाठी नाव नोंदविणाऱ्यांचा तेवढा अपवाद. अशा यंत्रावर अँटिव्हायरस ताजा असला तरी खालच्या भिंतीत नवे भगदाड पडल्यास ते बुजविणारा गवंडी आता येत नाही. उधन्यात किंवा लिंबायतीत राहणारे आपले खानदेशी बांधव असोत की पुण्या-मुंबईचे गृहस्थ, दुकानाचे हिशेब आणि मुलांच्या गुणपत्रिका ज्या यंत्रावर आहेत, ते कोणत्या विंडोजवर चालते हे आज संध्याकाळीच पाहून घ्यावे.