हवाई वाहतूक नियंत्रण, चेन्नई
दक्षिण भारताच्या व बंगालच्या उपसागराच्या विस्तीर्ण आकाशातील उड्डाणांचे नियमन करणारे हे केंद्र, १ एप्रिल १९९५ रोजी दोन जुन्या प्राधिकरणांच्या विलीनीकरणातून निर्माण झालेल्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अखत्यारीत असून, २००८ साली बंगळूर व हैदराबाद येथील नवे विमानतळ खासगी व्यवस्थापनाखाली सुरू झाले, तरी तेथील नियंत्रणही याच प्राधिकरणाकडे राहिले. विमानाचे वजन व अंतर यांवर आकारलेल्या मार्गशुल्कातून खर्च भागतो; परंतु धावपट्ट्या बांधणारी व आकाश सांभाळणारी संस्था एकच असल्याने रडारयंत्रणेच्या गरजा इमारतींच्या गरजांशी स्पर्धा करतात. कॅनडाने १९९६ मध्ये हवाई नियंत्रणाचा कारभार वेगळा काढून ना-नफा संस्थेकडे सोपविला. भारतातही नियंत्रणसेवेस स्वतंत्र महामंडळ व खजिना देणे, विशेषतः चेन्नईसारख्या सागरी क्षेत्रासाठी, अगत्याचे आहे.