राबेल त्याचे गाव

आमच्या धर्मग्रामांतील तरुण आज परदेशाची वाट धरतात, तेव्हा घरोघरी 'पी. आर.' हा शब्द ऐकू येतो. पी. आर. म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. हा परवाना मिळवण्याचा एक मार्ग खेड्यातून जातो. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०१९ मध्ये एक योजना सुरू केली. सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन ही महानगरे सोडून इतर प्रदेशात राहून काम करणाऱ्यास तीन वर्षांनंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. कॅनडानेही २०१९ साली लहान गावांसाठी प्रायोगिक योजना आखली आणि २०२५ साली ग्रामीण समुदायांसाठी तशीच दुसरी योजना आणली. जेथे माणसे कमी व कामे अधिक, तेथे श्रम करणाऱ्याला ते गाव आपले म्हणते, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार नवा नाही. अमेरिकेत १८६२ साली अब्राहम लिंकन यांच्या कारकिर्दीत वसाहतीचा कायदा झाला. जो पाच वर्षे जमिनीवर राहील व ती कसेल, त्याला १६० एकर जमीन मालकीने देण्याची त्यात तरतूद होती. लक्षावधी कुटुंबांना या कायद्याने घर मिळाले. पण जी जमीन वाटली गेली ती रिकामी नव्हती. तेथील मूळ रहिवाशांना हुसकावूनच ती रिकामी करण्यात आली होती. नव्याने आलेल्याला पाच वर्षांत हक्क मिळाला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारा बेघर झाला.

या दोन प्रतिमा मनात ठेवून आपण आपल्याच राज्याच्या वायव्य कोपऱ्यात जाऊ. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेले की सातपुड्याच्या कुशीत मोलगी लागते. भगर आणि आमचूर यांसाठी ही बाजारपेठ प्रसिद्ध आहे. होळीच्या दिवसांत जवळच्या काठी गावी राजवाडी होळीसाठी डोंगरदऱ्यांतून लोक लोटतात. इंग्रजी अमदानीत हा मुलूख मेवासी संस्थानांचा होता. काठी, चिखली, नाला, नवलपूर, गव्हाळी व सिंगपूर ही ती सहा लहान संस्थाने. येथील भिल्ल व पावरा समाज डोंगरउतारावर ज्वारी, मका आणि भगर पिकवीत आला. 'तुम्ही येथे राहता याचा पुरावा काय?' हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, कारण गाव आणि माणूस ही दोन वेगळी आहेत अशी कल्पनाच तेथे नव्हती.

सरकारची पहिली इच्छा भिल्लांना स्थिर करण्याची होती. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. पुढे १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार जेम्स औट्रम यांनी भिल्ल पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावी होते. त्याबरोबरच भिल्लांना जमीन व तगाई देऊन शेतीस लावण्याचे काम सुरू झाले. 'नांगर धरा आणि गावकरी व्हा' असा त्या धोरणाचा आशय होता.

परंतु अर्धशतक उलटले आणि दृष्टी पालटली. रेल्वेला व वाढत्या शहरांना लाकूड हवे होते. १८७८ च्या व नंतर १९२७ च्या वन अधिनियमाने जंगल सरकारच्या राखीव मालकीचे ठरत गेले. ज्याला कालपर्यंत नांगर धरण्यास सांगितले होते, तोच आता जंगलात शिरलेला परका मानला जाऊ लागला. तरीही त्याच्या हातांशिवाय जंगलखात्याचे चालत नव्हते. झाडे तोडणे, रस्ते काढणे, वणवा विझवणे ही कामे कोण करणार? या गरजेतून 'वनगाव' जन्मास आले. खात्याच्या कामावर हजर राहायचे आणि त्या अटीवर वनजमिनीचा तुकडा कसायचा, अशी ही व्यवस्था होती. पुष्कळ ठिकाणी पट्टा एका वर्षाचा असे. म्हणूनच महाराष्ट्रात 'एकसाली' हा शब्द रूढ झाला.

येथे आमच्या मते या इतिहासाची गाठ आहे. अमेरिकेत पाच वर्षांचा घाम जमिनीचा मालक करीत होता. सातपुड्यात तीन पिढ्यांचा घामही पुढच्या वर्षापुरताच होता. श्रमाची अट होती, पण त्या श्रमातून वास्तव्याचा हक्क उगवत नव्हता. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत अशी सत्तरीहून अधिक वनगावे होती. वनगावाला महसुली दर्जा नसे, म्हणून सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून बँकेचे वा सोसायटीचे कर्ज नाही. घर होते, शेत होते, स्मशान होते. पण सरकारी कागदावर गावकरी नव्हता.

कागद नसण्याची किंमत नर्मदेच्या काठी कळली. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये झाला. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित ठरली. त्यांपैकी ९ अक्कलकुव्यातील व २४ अक्राणीतील. जमीन जाणाऱ्याला बदली जमीन मिळणार होती. मग जमीन कोणाची, हा प्रश्न आला. जे पिढ्यान्‌पिढ्या कसत होते त्यांतील अनेकांची गणना अतिक्रमणदार म्हणून होत होती. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले, तेव्हा पुनर्वसनाइतकाच 'आम्ही येथले आहोत' हे मान्य करून घेण्याचाही तो लढा होता.

त्यानंतरची वाट संथ आहे. १८ सप्टेंबर १९९० रोजी केंद्र सरकारने वनगावांना महसुली गावांचा दर्जा देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मात्र मे २००२ मध्ये त्याच केंद्राने वनजमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचे पत्र राज्यांना पाठविले आणि देशभर आदिवासी पाड्यांत भीती पसरली. महाराष्ट्रात आदिवासी संघटनांनी आवाज उठविला. १० ऑक्टोबर २००२ च्या शासननिर्णयाने दाव्यांची गावपातळीवर पडताळणी करण्याचा मार्ग खुला केला.

अखेर डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. त्याच्या नावातील 'मान्यता' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. सरकार हक्क देत नाही. जो हक्क होताच, तो मान्य करते. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे कायद्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, कमाल चार हेक्टरपर्यंतची जमीन या कायद्याने मान्य होते. हा हक्क वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. तो पती व पत्नी या दोघांच्या नावे असतो, ही आमच्या कुटुंबांनीही मनन करावी अशी गोष्ट आहे.

पुराव्याविषयी हा कायदा विशेष शहाणा आहे. तेथे केवळ कागदाला स्थान नाही. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी कथन पुरावा ठरते. जुनी विहीर, स्मशान, देवस्थान हेही पुरावा ठरतात. दाव्याची पहिली छाननी कचेरीत नव्हे, तर ग्रामसभेत होते. आपल्यापैकी कोणाला जन्माचा दाखला हवा असला, तर धर्मग्रामाच्या नोंदवहीत स्नानसंस्काराची नोंद सापडते; कोणीतरी आपले नाव लिहून ठेवले, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्याचे मोल जाणवत नाही. ज्या समाजाची नोंदवही म्हणजे म्हाताऱ्यांची स्मृती, त्याच्या स्मृतीला कायद्याने प्रथमच साक्षीचा मान दिला.

तरी प्रश्न संपलेला नाही. अनेकांचे दावे फेटाळले गेले आणि पुष्कळांना कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्राचा दाखला मिळाला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीस तो स्थगित केला. त्या पंधरवड्यात किती चुलींवर काळजी शिजली असेल, याची कल्पना करावी. शिवाय दिवाळीनंतर या डोंगरांतील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. वास्तव्य सिद्ध करण्यासाठी गावी हजर राहावे, तर पोट भरत नाही. पोट भरण्यास गेले, तर पडताळणीच्या दिवशी घराला कडी असते.

परक्या देशात तीन वर्षे राबून आपल्या मुलांना कायमचे घर मिळावे, अशी प्रार्थना आपण करतो. ती योग्यच आहे. कष्ट करणाऱ्या पाहुण्याला गावाने एक दिवस आपले म्हणावे, हा न्याय आपल्याला मनोमन पटतो. मग तो न्याय सातपुड्यातही लागू असावा. आपल्या वाडीवर, वीटभट्टीवर, बांधकामावर येणाऱ्या मजुराचे गाव कोणते, तेथे त्याचे शेत त्याच्या नावावर आहे काय, एवढे तरी आपण आस्थेने विचारावे. दाव्याचा अर्ज भरण्यास लिहिता-वाचता येणारा एक माणूस पुरतो, आणि तसा माणूस आपल्या प्रत्येक घरात आहे.