टांकीच्या तळचें पेट्रोल

किक मारून चालू करावयाच्या जुन्या स्कूटरी ज्या घरांत होत्या, त्या घरांतील मंडळींस एक दृश्य खचित आठवत असेल. भर रस्त्यांत स्कूटर आचके देऊं लागे, रिझर्व्हची कळ फिरवूनहि काम भागेनासें होई, आणि मग घरधनी खालीं उतरून ती एका अंगावर चांगली कलती करीत, क्षणभर तशीच धरीत आणि पुन्हां उभी करून किक मारीत. स्कूटर चालूं लागे! मागें बसलेल्या मुलांना हा चमत्कार वाटे. पण त्यांत चमत्कार कांहींच नव्हता. टांकीच्या एका कोपऱ्यांत, नळाच्या तोंडापासून दूर, थोडेंसें पेट्रोल दडून राहिलेलें असे. स्कूटर कलती केली कीं तें नळाकडे ओघळे.

टांकींत पेट्रोल असणें आणि तें इंजिनापर्यंत पोहोंचणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटारींच्या शर्यतींत, विशेषतः हौशी शर्यतींत, या साध्या भेदानें आजवर पुष्कळांना चकविलें आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ फोर्डच्या ‘टी’ मोटारीपासून करूं. 1908 ते 1927 या काळांत अशा दीड कोटींहून अधिक मोटारी तयार झाल्या. तिची टांकी बहुतेक सर्व वर्षें पुढच्या आसनाखालीं असे. पेट्रोल ओढून घेणारा पंप तिला नव्हता. पेट्रोल केवळ आपल्या भारानें उताराकडे वाहत जाऊन इंजिनाला मिळे. पेट्रोल किती उरलें हें पाहावयाचें तर बसलेल्या माणसानें उठावें, गादी उचलावी आणि टांकींत लाकडी पट्टी बुडवून पाहावी. सपाटीवर हें सर्व ठीक चाले. पण चढ उभा असला आणि टांकी रिकामी होत आली असली, म्हणजे मोटारीचें तोंड वर होई, इंजिन टांकीच्या पातळीला येई आणि वाहणें थांबे. यावर चालकांनीं काढलेला उपाय मोठा गमतीचा आहे. ते मोटार फिरवून पाठमोरी चढ चढवीत! टांकी वर आणि इंजिन खालीं, म्हणजे पेट्रोलाचा मार्ग मोकळा. शिवाय त्या मोटारीचा उलटा गिअर पहिल्या गिअरपेक्षां अधिक जोराचा असल्यानें दुहेरी लाभ होई. 1926 च्या नमुन्यापासून बहुतेक प्रकारांत टांकी पुढच्या कांचेखालीं, उंचावर नेली गेली आणि ही उलटी चढाई संपली.

पुढें पंप आले, आणि पेट्रोल कोठूनहि ओढून घेतां येईल असें लोकांना वाटूं लागलें. दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांच्या धांवपट्ट्या हौशी लोकांस शर्यतींसाठीं मिळाल्या. इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन हा असाच एक युद्धकालीन विमानतळ. तेथें 1948 सालीं शर्यती सुरू झाल्या. आपल्याकडेहि मद्रासजवळील शोलावरमच्या धांवपट्टीवर पुढें पुष्कळ वर्षें शर्यती भरत. येथें येणारा गृहस्थ बहुधा आपलीच मोटार घेऊन येई. जादा चाक काढ, मागची गादी काढ, हत्यारांची पेटी काढ, अशा रीतीनें ती हलकी करी. आणि वजन कमी करण्याचा सर्वांत सोपा व बिनखर्चाचा मार्ग म्हणजे टांकी भरावयाचीच नाहीं! एक लिटर पेट्रोल सुमारें पाऊण किलो भरतें. चाळीस लिटर कमी घेतले कीं तीस किलो ओझें उतरलें. या हिशेबांत चूक नाहीं; चूक आहे ती टांकी हें एक स्थिर भांडें आहे असें मानण्यांत.

ताटांत वाढलेली आमटी ताट कलतें होतांच एका कडेला धांवते, हें आपण रोज पाहतों. वळणावर मोटारींतील पेट्रोलाचें तेंच होतें. चांगल्या रबरी टायरांची वेगवान मोटार वळणावर माणसाला जितक्या जोरानें बाहेर लोटते, तो जोर कधीं कधीं त्याच्या स्वतःच्या वजनाइतका होतो. अशा वेळीं टांकीतील पेट्रोलाची पातळी आडवी राहत नाहीं; पंचेचाळीस अंशांत उभी राहते. टांकी भरलेली असेल तर बिघडत नाहीं. पण तळालाच थोडें पेट्रोल असेल तर तें सगळें बाहेरच्या भिंतीवर चढतें आणि पंपाच्या नळीचें तोंड उघडें पडतें. पंप हवा ओढूं लागतो.

जुन्या मोटारींच्या कार्ब्युरेटरमध्यें पेट्रोलाची एक लहान वाटी असे. त्या वाटीवर इंजिन क्षण दोन क्षण चाले आणि वळण संपून सरळ रस्ता लागल्यावर एकाएकीं गुदमरे. चालकास वाटे, ठिणगीच्या तारेंत दोष आहे. आणि बिचारा दुपारभर तारा तपासीत बसे! आजच्या फवारा पद्धतीच्या मोटारींत अशी वाटी नसते. इंजिन त्याच क्षणीं खचतें. त्यांतहि पेट्रोल पुरतें न थांबतां अपुरें मिळत राहिलें तर तें अधिक वाईट, कारण भरवेगांत अपुऱ्या पेट्रोलावर जळणारें इंजिन भलतेंच तापतें आणि पिस्टनला भोंक पडूं शकतें. पण मला खरी भीति वाटते ती मागून येणाऱ्याची. पुढची मोटार वळणांतून सुसाट निघेल या भरंवशावर तो तिच्या पाठीला चिकटून आलेला असतो.

पेट्रोल पुरतेंच संपण्याच्या दोन प्रसिद्ध कथा आहेत. 1956 च्या सप्टेंबरांत इटलींतील मोंझा येथें दहा किलोमीटरांच्या पन्नास फेऱ्यांची शर्यत होती. स्टर्लिंग मॉस हा इंग्रज चालक माझेराती मोटारींतून आघाडीवर होता, आणि थोड्याच फेऱ्या उरल्या असतां त्याचें पेट्रोल संपलें. मागून लुईजी पिओती आला. हा कारखान्याचा पगारी चालक नव्हे. स्वतःची माझेराती घेऊन हौसेनें उतरलेला इटालियन. त्यानें आपल्या मोटारीचें नाक मॉसच्या मोटारीच्या पाठीला टेकविलें आणि तिला ढकलीत तळापर्यंत नेलें. मॉसनें पेट्रोल घेतलें आणि शर्यत जिंकली. दुसऱ्या आलेल्या फांजिओपेक्षां तो सहाच सेकंदांच्या आंत पुढें होता.

तीन वर्षांनीं, 1959 च्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील सेब्रिंग येथें जॅक ब्रॅबॅमवर तीच पाळी आली. शेवटच्या फेरींत, रेघ दृष्टिपथांत असतां, कूपर मोटार थांबली. बाहेरच्याची मदत घेतली तर बाद, असा नियम! ब्रॅबॅमनें जमलेल्यांना दूर राहण्यास खुणावलें आणि ती मोटार एकट्यानें ढकलीत रेघेपार नेली. तो चौथा आला आणि जगज्जेता ठरला. एकाला मदत मिळाली, दुसऱ्याला ती घेतां आली नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें मला सेब्रिंगचा नियम पटतो. मन मात्र पिओतीकडे जातें.

मग टांकी भरूनच निघावें, हें उत्तर पुरेसें आहे काय? 1964 च्या मे महिन्यांत इंडियानापोलिस येथें दुसऱ्याच फेरींत पेट्रोलानें भरलेली मोटार भिंतीवर आदळून पेटली. डेव्ह मॅकडोनाल्ड आणि एडी सॅक्स हे दोन चालक मृत्युमुखीं पडले. त्यानंतर शर्यतींच्या टांक्यांकडे सर्वांचें लक्ष गेलें. न फाटणाऱ्या रबरी पिशव्या आल्या, आणि लढाऊ विमानांच्या टांक्यांतील स्पंजासारखा फेस त्यांत भरूं लागले. हा फेस आगीचा भडका आवरतो, आणि पेट्रोलाला एका कडेला धांवूंहि देत नाहीं. टांकींत आडवे पडदे घालणें, आणि नेहमीं भरलेली राहील अशी एक लहान डबी पंपाजवळ ठेवणें, हे उपायहि रूढ झाले.

परंतु घरच्या मोटारींतून रविवारीं शर्यतीला येणाऱ्याजवळ यांतलें पुष्कळसें नसतें. किती पेट्रोल राखावें याचा सर्व मोटारींना लागू असा आंकडाहि नाहीं, कारण प्रत्येक टांकीचा आकार निराळा आणि नळीचें तोंड निराळ्या बाजूला. कित्येक मोटारी डाव्या वळणांत बिनतक्रार धांवतात आणि उजव्या वळणांतच अडखळतात. म्हणून जाणता हौशी चालक सरावाच्या दिवशीं, मागेंपुढें कोणी नसतांना, मुद्दाम थोड्या पेट्रोलावर फेऱ्या घालतो. कोणत्या वळणावर, टांकींत किती लिटर असतां इंजिनानें पहिला आचका दिला हें कागदावर टिपतो. आणि शर्यतीच्या दिवशीं त्याहून दहा लिटर अधिक भरतो.