बावन्न मीटर लांबीचा नकाशा

रेल्वेची वाट पाहणे म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. नगरहून (आजचे अहिल्यानगर) आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि बीडला पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. या तीस वर्षांत नकाशे काढण्याची पद्धत मुळापासून बदलली. त्या बदलाचा इतिहास आपण इथे पाहणार आहोत.

आधी एक गणित करू. समजा, या मार्गाचा नकाशा १:५००० या प्रमाणात काढायचा आहे. २,६१,००० मीटरला ५००० ने भागले की ५२.२ मीटर येतात. प्लॉटरच्या कागदाचा नेहमीचा रोल ४५.७ मीटर, म्हणजे १५० फूट लांब असतो. अख्खा रोलसुद्धा पुरणार नाही! म्हणून असा नकाशा तुकड्यातुकड्यांनी काढतात. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याशी नेमका जुळायचा, तर सगळ्यांचे प्रमाण अगदी एकच हवे.

पूर्वी हे काम आरेखक हाताने करीत. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि शाईचे पेन घेऊन ट्रेसिंग कापडावर रेघा ओढायच्या, चुकलेली रेघ पात्याने हलकेच खरवडायची. प्रती काढण्यासाठी जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधलेली ब्लू प्रिंटची रीत वापरली जाई. लोहाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर मूळ नकाशा ठेवून तो उन्हात धरला, की रेघांखालचा भाग सोडून बाकीच्या लेपावर प्रकाशाची क्रिया होते. कागद पाण्याने धुतल्यावर निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा उमटतात. मात्र ओला कागद वाळताना आकसतो, आणि त्याबरोबर नकाशाही! यावर युक्ती अशी, की प्रमाण नुसते आकड्यांत न लिहिता नकाशावर एक प्रमाणपट्टीही आखायची. कागद आकसला तर पट्टीही तेवढीच आकसते, आणि मोजमाप खरे राहते. पुढे कोरड्या पद्धतीची अमोनिया प्रिंट आली, तरी पट्टी टिकून राहिली.

यंत्राने रेघ ओढायची कशी? १९५९ साली अमेरिकेतील कॅलकॉम्प कंपनीने ५६५ क्रमांकाचा प्लॉटर आणला. त्यात कागद एका पिंपावर पुढेमागे सरकत असे आणि पेन आडवे फिरत असे. एक पाऊल इंचाच्या शंभराव्या भागाइतके, आणि सेकंदाला अशी ३०० पावले. पावले इतकी बारीक, की तिरकी रेघ खरे तर जिना असूनही डोळ्यांना सरळ दिसावी. त्याच सुमारास, १९६० साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याला पडद्यावर आलेख दाखवण्याची सोय होती. १९८२ साली ऑटोकॅड ही आज्ञावली आली आणि आरेखन टेबलावर मावणाऱ्या संगणकावर होऊ लागले.

संगणक प्लॉटरशी बोलतो तरी काय? ह्यूलेट-पॅकार्डच्या प्लॉटर-भाषेतल्या आज्ञा अगदी साध्या आहेत : पेन उचल, पेन टेक, अमुक बिंदूला जा. या भाषेतले एकक ०.०२५ मिलिमीटरचे. म्हणजे एक सेंटिमीटर रेघेसाठी पेनाला ४०० एकके चालायला सांगायचे. रेखन-आज्ञावली आणि प्लॉटर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो. दुभाषा चुकीचा निवडला, तर कागदावर नकाशाऐवजी निरर्थक अक्षरांची रांग उमटू शकते.

सुरुवातीला एका प्लॉटरला एकच संगणक तारेने जोडलेला असे. इतरांनी आपला नकाशा फ्लॉपीवर घेऊन त्या संगणकापाशी जायचे आणि रांगेत थांबायचे. १९९० नंतर प्लॉटर कार्यालयातल्या संगणकांच्या जाळ्यात थेट जोडता येऊ लागले. तेव्हा प्लॉटरला स्वतःचा पत्ता लागला : चार संख्या, प्रत्येक ० ते २५५ मधली. पत्रासाठी जसा घराबरोबर दरवाजाही सांगावा, तसा पोर्टचा क्रमांकही द्यावा लागतो, तो बहुधा ९१००. हा पत्ता कायमचा ठरवून ठेवणे चांगले. जाळ्याने तो आपोआप बदलला, तर संगणक नकाशा जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो आणि प्लॉटर गप्प बसतो.

एवढे जमले की कागद बाहेर येतो. पण तो बरोबर आहे का? आज्ञावलीत जमीन मीटरमध्ये आखलेली असते. १:५००० साठी तिला सांगावे लागते, की कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे पाच मीटर. हे न सांगता 'कागदात मावेल असे छाप' ही सोय निवडली, तर नकाशा सुबक दिसतो, पण प्रमाण हातचे जाते.

याची किंमत किती? समजा, रेल्वेसाठी ६० मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब पट्टा लागतो. तो झाला सहा हेक्टर. नकाशा तीन टक्क्यांनी लहान छापला गेला आणि कोणी त्यावर फूटपट्टी ठेवून क्षेत्र काढले, तर लांबी आणि रुंदी दोन्ही ०.९७ पट भरतील आणि क्षेत्र ०.९४ पट. सुमारे ३५ गुंठे गायब! भूसंपादनाआधी जमिनीवर मोजणी होतेच. पण नकाशा पाहून आपले किती रान जाणार याचा अंदाज बांधणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक कोण सांगणार?

म्हणून नवा प्लॉटर जोडला, की आम्ही आधी १०० मिलिमीटर बाजूचा एक चौरस छापतो आणि चारही बाजू पोलादी पट्टीने मोजतो. एकच दिशा चुकली असेल, तर दोष कागद सरकवण्यात किंवा पेनाच्या चालीत असू शकतो; दोन्ही दिशा सारख्याच चुकल्या असतील, तर आधी छपाईचे प्रमाण तपासावे.

शाळेत प्लॉटर नसला तरी हा प्रयोग करता येईल. गावाच्या नकाशाची झेरॉक्स एकदा मूळ आकारात आणि एकदा थोडी लहान करून काढा. मुलांना दोन्हींवरून शाळेच्या पटांगणाचे क्षेत्र काढू द्या, आधी छापलेल्या आकड्यांतल्या प्रमाणावरून आणि मग आखलेल्या पट्टीवरून. शेवटी टेप घेऊन सगळ्यांनी पटांगणात जावे.